वेगाची हौस आणि मोजमापाची शिस्त



आपल्या बेटावर रात्रीच्या शर्यती ही काही नवी गोष्ट राहिलेली नाही. मोटारवेच्या जवळ ज्यांचे घर आहे त्यांना विचारा. शनिवारी रात्र चढली की मोटारसायकलींचा आवाज सुरू होतो आणि घरातील म्हातारी माणसे अंथरुणात उठून बसतात. आमच्या वर्गात एके काळी दुसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा अशाच एका रात्रीनंतर आज काठी टेकत चालतो. बाजारात भेटला की "नमस्कार गुरुजी" म्हणतो. त्याला गतीची समीकरणे आम्हीच शिकवली होती. परीक्षेत त्याला चांगले गुणही मिळाले होते. मग ती विद्या त्याच्या कामी का आली नाही, हा प्रश्न आमच्या मनातून बरीच वर्षे गेला नाही.

या प्रश्नाचे थोडेसे उत्तर आम्हांला फार दूर, जर्मनीत मिळाले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या बहिणीचा मुलगा स्टुटगार्टजवळ एका लहान कारखान्यात नोकरी करतो. सुट्टीत आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, तुम्ही चर्च आणि किल्ले पुष्कळ पाहिलेत. आज तुम्हांला आमची शाळा दाखवतो." ती शाळा म्हणजे हॉकेनहाइमचा मोटार-शर्यतीचा मार्ग.

हॉकेनहाइम हे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील एक छोटे गाव. तेथे १९३२ सालापासून शर्यती होत आल्या आहेत. त्याच आवारात सरळ पट्टीवरची शर्यत, जिला ड्रॅग रेस म्हणतात, तिच्यासाठी एक मार्ग आहे. रिको आन्थेस या जर्मन चालकाचे नाव त्याला दिले आहे. या शर्यतीत वळण नाही, फेरे नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकला. सर्वांत शक्तिमान गाड्यांना 'टॉप फ्युएल' म्हणतात. त्या पूर्ण पाव मैल धावत नाहीत, १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटरच धावतात. तेवढ्यात चार सेकंदांच्या आसपास त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. अंतर कमी करण्यामागे एक दुःखद कारण आहे. २००८ च्या जून महिन्यात अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्कॉट कॅलिटा या चालकाची गाडी पट्टी संपल्यावरही थांबू शकली नाही आणि त्यात त्याचा अंत झाला. त्यानंतर अंतर आखूड करून थांबण्याची जागा वाढवण्यात आली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

फोन खोटे बोलला

आम्ही गेलो त्या दिवशी मोठे ड्रॅगस्टर नव्हते. साधी माणसे आपापल्या गाड्या घेऊन आली होती. भाच्याचा एक जर्मन मित्र आपली जुनी मोटार घेऊन आला होता. हिवाळाभर तिच्यावर त्याने काम केले होते. काचेला रबरी चकतीने चिकटवलेल्या धारकात त्याने आपला फोन बसवला होता आणि धाव संपताच फोनने आकडा दाखवला : १२.७ सेकंद. गडी आनंदाने ओरडला. मग तो खिडकीपाशी जाऊन अधिकृत चिठ्ठी घेऊन आला. तिच्यावर छापले होते : १३.१ सेकंद.

त्याचा चेहरा पडला. घड्याळच चुकीचे असले पाहिजे, असे तो म्हणू लागला. तेव्हा आमचा भाचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घड्याळ पट्टीला पक्के बसवले आहे. फोन डुगडुगत होता. कोणावर विश्वास ठेवायचा ते तूच सांग."

त्या संध्याकाळी भाच्याने आम्हांला जे समजावले आणि घरी येऊन आम्ही जे वाचले-पडताळले, ते पुढे देत आहोत. शाळेतील मोठ्या मुलांनी ते वहीत उतरून घेण्यासारखे आहे.

हे यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही

बस एकदम सुटली की आपण मागे ढकलले जातो. ब्रेक लागला की पुढे झुकतो. वेग बदलण्याच्या या दराला त्वरण म्हणतात आणि ते मोजणारे यंत्र म्हणजे त्वरणमापक, इंग्रजीत ॲक्सलरोमीटर. त्याच्या पोटात एक इवलेसे वजन नाजूक स्प्रिंगांना बांधलेले असते. गाडी पुढे झेपावली की वजन मागे रेंगाळते. ते किती रेंगाळले ते विजेने मोजायचे, एवढेच त्याचे तत्त्व आहे.

त्वरण 'जी' या मापात सांगतात. १ जी म्हणजे झाडावरून पडणाऱ्या आंब्याचे त्वरण. दर सेकंदाला वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने वाढतो. आमच्यासारख्या मास्तरांना गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे हा जी सर्वत्र सारखा नाही. आपल्या बेटावर तो ९.७९ च्या जवळ आहे, तर हॉकेनहाइमकडे ९.८१.

आता मुख्य मुद्दा. या यंत्राला वेग कळत नाही, अंतर तर मुळीच कळत नाही. त्याला फक्त धक्का कळतो. क्षणाक्षणाच्या धक्क्यांची बेरीज केली की वेग निघतो आणि त्या वेगाची पुन्हा बेरीज केली की अंतर निघते. दुकानदाराने रोजच्या हिशेबात एक रुपया चुकवला तर वर्षअखेरीस ३६५ रुपये चुकतात. येथेही तसेच आहे, फक्त बेरीज दोनदा होते. म्हणून चूक अधिक झपाट्याने फुगते.

दुसरी गोष्ट, या यंत्राला गाडीचा धक्का आणि पृथ्वीचे ओढणे यांतला फरक कळत नाही. गाडी सुटताना मागे बसते आणि नाक वर करते. नाक केवळ १ अंश वर झाले तरी पृथ्वीच्या ओढीचा ०.०१७५ जी एवढा भाग पुढच्या धक्क्यात मिसळतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण १२ सेकंद बेरीज करा. वेगात ताशी ७ किलोमीटरहून अधिक आणि अंतरात १२ मीटरहून अधिक चूक होते. त्या मित्राच्या फोनने नेमके हेच केले होते. गाडीने नाक वर केले, त्यात रबरी चकतीवरचा धारकही मागे कलला आणि न धावलेले मीटर फोनने धावले म्हणून मोजले.

फोन आणि घड्याळ यांच्यात आणखी एक फरक असतो. पट्टीवरचे घड्याळ गाडी हलली की लगेच सुरू होत नाही. पुढचे चाक प्रकाशाच्या किरणातून बाहेर पडले की ते सुरू होते. तोवर गाडी सुमारे ३० सेंटीमीटर सरकलेली असते आणि चांगल्या गाडीलाही तेवढ्याला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. म्हणजे प्रामाणिक त्वरणमापकाने पहिल्या हालचालीपासून मोजले तर त्याचा आकडा चिठ्ठीपेक्षा थोडा जास्तच यायला हवा. कमी आला तर समजावे की कुठेतरी पाणी मुरते आहे.

हे यंत्र एवढे स्वस्त कसे झाले

पूर्वी त्वरणमापक ही प्रयोगशाळेची आणि विमान कारखान्यांची चीज होती. आज ती प्रत्येक फोनमध्ये असते. या बदलाचा एक मोठा भाग जर्मनीतच घडला. १९८१ साली मर्सिडीझच्या एस-क्लास मोटारीत चालकासाठी एअरबॅग आली. धडक झाली की नाही हे डोळ्याचे पाते लवण्याआधी ओळखणारे यंत्र त्यासाठी हवे होते. पुढे १९९० च्या दशकात बॉश कंपनीतील फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ उर्बान यांनी सिलिकॉनमध्ये खोल आणि सरळ खाचा कोरण्याची पद्धत शोधली. जगभर ती 'बॉश प्रक्रिया' म्हणून ओळखली जाते. तिच्यामुळे वजन, स्प्रिंग आणि कंगव्यासारखे दात हे सर्व एकाच सिलिकॉनच्या कणात कोरता येऊ लागले. हे दात केसाहूनही कितीतरी बारीक असतात. या शोधाबद्दल दोघांना २००७ साली युरोपीय पेटंट कार्यालयाचा संशोधक पुरस्कार मिळाला. स्टुटगार्टच्या दक्षिणेकडील रॉयटलिंगेन या गावी बॉशचा असे संवेदक बनवण्याचा मोठा कारखाना आहे.

१९९७ साली स्वीडनमध्ये एका चाचणीत मर्सिडीझची छोटी ए-क्लास मोटार उलटली आणि जर्मनीत मोठा गाजावाजा झाला. त्यानंतर घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा त्या मोटारीत सर्रास बसवण्यात आली. त्या यंत्रणेलाही असेच संवेदक लागतात. मागणी वाढली आणि किंमत उतरली. माणसाचा जीव वाचवण्यासाठी घडलेली वस्तू अशा रीतीने शर्यतीच्या हौशी मंडळींच्या हाती आली. हा क्रम आम्हांला फार बोलका वाटला.

निवड कशी करावी

पहिली गोष्ट, प्रकार. काही त्वरणमापक दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकावर चालतात. कंपने मोजायला ते उत्तम, पण एकसारखा टिकून राहणारा धक्का त्यांना नीट मोजता येत नाही. त्यांचा आकडा हळूहळू शून्याकडे येतो. गाडीची धाव म्हणजे बारा-तेरा सेकंद टिकणारा धक्का. म्हणून स्थिर धक्काही दाखवणारा, सिलिकॉनच्या कंगव्याचा प्रकार घ्यावा. पारख सोपी आहे. यंत्र टेबलावर स्वस्थ ठेवावे. उभ्या दिशेचा आकडा सतत १ जी दाखवत राहिला तर ते कामाचे.

दुसरी गोष्ट, आवाका. सोनाराचा काटा आणि ऊस तोलण्याचा कारखान्याचा काटा यांची अदलाबदल करून चालत नाही. रस्त्यावरची साधी मोटार सुटताना १ जीच्या आत असते. तिला उणे २ ते अधिक २ जी हा आवाका शोभतो. चिकट टायरांच्या वेगवान गाडीला ४ किंवा ५ जी लागतो. टॉप फ्युएलसारख्या गाडीला सुटताना ४-५ जीचे धक्के बसतात आणि शेवटी छत्री उघडली की उलट दिशेने जवळजवळ तेवढेच. तिला ८ किंवा १६ जीचा घ्यावा. मोठा आवाका घेतला की बारकावा कमी होतो. १२ बिटांच्या यंत्रात २ जीच्या आवाक्याला एक पायरी सुमारे ०.००१ जीची असते, १६ जीच्या आवाक्याला ती सुमारे ०.००८ जीची होते. एअरबॅगचा ५० जीचा संवेदक स्वस्तात मिळाला म्हणून तो साध्या मोटारीला लावणे म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर मंगळसूत्र ठेवण्यासारखे आहे. मात्र आवाका अगदी काठोकाठही नसावा. इंजिनाची कंपने खऱ्या धक्क्यावर स्वार होतात आणि आवाका संपला की आकड्याचे डोके छाटले जाते.

तिसरी गोष्ट, नोंदीचा दर आणि गाळणी. संपूर्ण गाडीची हालचाल टिपायला सेकंदाला १०० नोंदी पुरेशा असतात. पण येथे एक फसगत आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर त्याचे मुख्य कंपन सेकंदाला २०० वेळा होते. अशा कंपनाची सेकंदाला १०० नोंदींनी पाहणी केली, तर प्रत्येक नोंद कंपनाच्या त्याच टप्प्यावर पडते आणि कंपनाऐवजी एक स्थिर खोटा धक्का दिसतो. सिनेमात गाडीचे चाक थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून नोंद करण्याआधीच जलद कंपने गाळून टाकणारी गाळणी यंत्रात आहे की नाही ते पाहावे. नंतर संगणकावर गाळून ही चूक निघत नाही.

चौथी गोष्ट, दिशा आणि उष्णता. पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली अशा तिन्ही दिशा मोजणारे यंत्र घ्यावे. गाडीचा कल मोजणारा जायरो सोबत असेल तर अधिक चांगले, कारण मग नाक वर झाल्याची चूक वजा करता येते. तापल्यावर यंत्राचे शून्य किती सरकते, तेही माहितीपत्रकात पाहावे.

बसवणे आणि तपासणे

भाच्याचे मत असे की चांगले यंत्र वाईट बसवण्यापेक्षा साधे यंत्र चांगले बसवावे. काच, डॅशबोर्ड, फोम, दुतर्फी चिकटपट्टी यांवर भरवसा नको. गाडीच्या फरशीला, शक्यतो मध्यभागी वजनाच्या केंद्राजवळ, जाड पत्र्याचा कंस बोल्टांनी आवळून त्यावर यंत्र बसवावे. बाण नाकाच्या दिशेला, पेटी पाणसळीत आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर असावी. शून्य लावताना चालक आपल्या जागी बसलेला असावा, कारण त्याच्या वजनानेही गाडी कलते.

तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही, पृथ्वी पुरते. यंत्राची एक दिशा सरळ वर करून आकडा लिहावा, मग तीच दिशा खाली करून लिहावा. समजा वर १.०३ आले आणि खाली उणे ०.९९. दोहोंची बेरीज करून निम्मे केले तर ०.०२ येते. ही शून्याची चूक झाली. वजाबाकी करून निम्मे केले तर १.०१ येते. म्हणजे माप शेकडा १ जास्त दाखवते आहे. दोन्ही सुधारणा नोंदवून ठेवाव्यात. आमच्या दृष्टीने विज्ञानाच्या तासाला करण्यासारखा यापेक्षा सुंदर प्रयोग शोधूनही सापडणार नाही.

आलेख कसा वाचावा

धावेचा आलेख म्हणजे डॉक्टराच्या हातातील नाडीचा कागद. सुटताना रेषा उंच चढते. पहिले ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर, सर्वांत मोलाचे. तेथे वाया गेलेला वेळ पुढे सहसा भरून निघत नाही. मग प्रत्येक गिअर बदलताना रेषा खड्ड्यात जाते. खड्डा किती रुंद आहे ते मोजले की चालकाचा हात किती मंद आहे ते कळते. वेग वाढत जातो तशी हवा आडवी येते आणि रेषा हळूहळू उतरते.

खरी करामत दोन आलेख शेजारी ठेवल्यावर दिसते. चाकाच्या फेऱ्यांचा आलेख एकदम वर गेला आणि त्याच क्षणी त्वरणाची रेषा खाली आली, तर चाक जागच्या जागी फिरले आणि गाडी पुढे गेलीच नाही. चालकाला मात्र आवाजावरून वाटते की आपण उडालो. त्वरणमापक म्हणतो, नाही, तू फक्त रबर जाळलेस.

शक्तीचाही अंदाज निघतो. १४०० किलोची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगात असताना ०.३ जी दाखवत असेल, तर वजन, त्वरण आणि वेग यांचा गुणाकार करून सुमारे ११४ किलोवॅट, म्हणजे १५५ अश्वशक्ती निघते. हवेशी झगडण्यात गेलेली शक्ती त्याहून वेगळी.

वेग आणि अंतर यांसाठी मात्र एकट्या त्वरणमापकावर विसंबू नये. उपग्रहांवरून वेग सांगणारा जीपीएस सेकंदाला १० किंवा २० वेळा बोलतो. तो लांब पल्ल्यात खरा असतो, पण क्षणाचा झटका त्याला दिसत नाही. त्वरणमापक क्षणात खरा, पल्ल्यात भरकटणारा. दोघांची जोडी जमवावी आणि शेवटी पट्टीवरच्या चिठ्ठीतील २०१ आणि ४०२ मीटरच्या आकड्यांशी ताळा घ्यावा. तो जर्मन मित्रही अखेर हेच शिकला. दुपारी त्यांनी यंत्र फरशीला आवळून बसवले. फोनने फुगवलेला ०.४ सेकंदांचा अभिमान गेला, पण दुसऱ्या गिअरमध्ये चाक घसरते हे त्याला प्रथमच कळले. टायरमधील हवा थोडी कमी करून पुढच्या धावेत त्याची चिठ्ठी १२.९ ची आली. हे ०.२ सेकंद त्याचे खरे होते.

आपल्या मुलांसाठी

हे सर्व मोटारवाल्यांचे शास्त्र आहे, मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण पूर्वजांचा महाराष्ट्र आता मोटारींचाही प्रदेश झाला आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही वाहन-संशोधन संस्था आहे. नाशिकला बॉशचाच कारखाना आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पट्टीच्या शर्यतीही झाल्या आहेत. तेथील कितीतरी मराठी मुले-मुली हेच आलेख वाचून पोट भरतात. आपल्या मुलांनी त्यात मागे का राहावे?

घरी परतल्यावर आम्ही वर्गात एक प्रयोग केला. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' नावाचे मोफत साधन काढले. त्याने फोनमधील त्वरणमापकाचे आकडे थेट आलेखात दिसतात. मुलांनी फोन एका फळीला घट्ट बांधला, फळी बसच्या फरशीवर धरली आणि शाळेपासून गावातील बाजारापर्यंतचा आलेख काढला. बस सुटताना रेषा जेमतेम ०.१५ जीपर्यंत चढली. पण एक कुत्रा आडवा आला आणि चालकाने ब्रेक दाबला तेव्हा रेषा शून्याच्या खाली अशी कोसळली की मुले गप्प झाली.

त्यांच्यात मोटारसायकलीचे वेड असलेला एक मोठा मुलगा होता. आम्ही त्याला शून्याखालच्या त्या भागावरून गणित घातले. ब्रेक ०.७ जीचा धरू. ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला किती जागा लागेल? त्याने काढले : २० मीटर. बरे, ताशी १५० वरून? तो बराच वेळ कागदावर वाकला होता. उत्तर आले १२६ मीटर. आम्ही म्हटले, धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंदही धर. त्यात आणखी ४२ मीटर गेले. एकूण १६८ मीटर. त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा एवढी जागा नव्हती.

"गुरुजी," तो म्हणाला, "वेग अडीच पट, पण जागा सहा पटींहून जास्त?"

हे समीकरण त्याने पूर्वी पाठ केले होते. त्या दिवशी ते त्याला प्रथम दिसले. काठी टेकत चालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला आम्ही समीकरण दिले होते, आलेख दिला नव्हता. ही चूक आमची होती आणि ती कबूल करायला आम्हांला संकोच नाही.

हॉकेनहाइमला शर्यतीची पट्टी संपल्यावर पुढे मोकळी जागा आहे, मदतीला माणसे उभी आहेत, प्रेक्षक कठड्यापलीकडे आहेत. एवढे सगळे असूनही १००० फुटांचा नियम करावा लागला. कारण गाडी किती जोरात सुटते याइतकेच ती कुठे थांबते हेही त्या लोकांना मोजावे लागते. पोर्ट लुईसहून क्यूरपिपकडे जाणाऱ्या मोटारवेवर यातले काही नाही. तेथे समोरून येते ती कोणाची तरी आई, कामावरून परतणारा कोणाचा तरी बाप.

त्या मुलाने मोटारसायकल विकली, असे आम्ही सांगणार नाही, कारण ते खरे नाही. पण तो आता दर बुधवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत येतो. एक स्वस्तातला संवेदक त्याने लाकडी गाडीवर बोल्टांनी आवळून बसवला आहे आणि उतरणीवर ती सोडून तो आलेख काढतो. गेल्या आठवड्यात त्याने आम्हांलाच विचारले, "गुरुजी, शून्य लावताना फळी पाणसळीत होती का?" नव्हती. आम्ही पुन्हा लावली.

पालकांनो, मुलाच्या वेगाच्या हौसेला केवळ रागावून चालणार नाही. रागावलेला बाप झोपला की मुलगा गाडी काढतो. त्याच्या हाती मोजण्याचे साधन द्या, आलेख समजावून घ्या, त्याच्याबरोबर बसून शून्याखालची रेषाही पाहा. काठी टेकत चालणारा आमचा विद्यार्थी अजून बाजारात भेटतो. त्याला आम्ही हा सर्व प्रकार सांगितला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, बुधवारी मीही येऊ का?"

आम्ही त्याला यायला सांगितले आहे.